बंगालचा रोजचा बाजार आणि त्याची बोली

बंगाली माणसाच्या तोंडी ‘बाजार’ हा शब्द जागेसाठी येतो, कामासाठी येतो आणि पिशवीतून घरी आलेल्या मालासाठीही येतो. ‘बाजार कॉरा’ म्हणजे बाजारहाट करणे. गल्लीत भेटलेला शेजारी ‘बाजार होलो?’ असे विचारतो, तेव्हा आजची खरेदी उरकली का, एवढेच त्याला हवे असते. ‘बाजारटा राखो’ असे म्हटले, की घरच्यांनी हातातली पिशवी उतरवून घ्यायची असते. तांदूळ, डाळ, तेल, मीठ या कामात धरत नाहीत. तो किराणा ‘मुदी’कडून, म्हणजे वाण्याकडून, महिन्याकाठी येतो. रोजचा बाजार मासे आणि भाजीपाल्याचा.

तो रोजचा झाला याचे मुख्य कारण मासा. बंगालचा मासा बहुतेक गोड्या पाण्यातला: नदीतला, ‘बिल’ म्हणजे पाणथळ जागेतला आणि घरामागच्या ‘पुकुर’ म्हणजे तळ्यातला. तो पहाटे निघतो, सकाळी विकला जातो आणि दुपारच्या जेवणात संपतो. दमट हवेत तो राखून ठेवण्याची सोय नव्हती. पालेभाजीचेही तेच. आता घरोघरी फ्रिज आले, तरी ‘टाटका’, म्हणजे ताजे, हीच मालाची पहिली कसोटी आहे.

बंगाली ‘अ’चा उच्चार ओठ गोल करून ‘ऑ’ किंवा ‘ओ’ असा होतो. पुढची बंगाली वाक्ये त्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

हाट आणि बाजार

महाराष्ट्रातल्या आठवडी बाजाराला बंगालीत ‘हाट’ म्हणतात, आणि रोज भरणाऱ्या मंडईला ‘बाजार’. हाट ठरलेल्या वारी उघड्या मैदानावर भरतो आणि संध्याकाळी उठतो. उठता उठता उरलेल्या, विस्कटलेल्या हाटाला ‘भाङा हाट’ म्हणतात. हावड्याचा कपड्यांचा मोठा हाट मंगळवारचा, म्हणून तो ‘मॉङ्गला हाट’. शांतिनिकेतनजवळ सोनाझुरीच्या झाडांखाली भरणारा हाट मुळात शनिवारचा. बंगाली मुलाला हाटाची ओळख बहुधा शाळेतच होते. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या वाचनमालेत पद्मा नदीकाठच्या शुक्रवारच्या हाटावर कविता आहे.

बाजार पक्क्या छपराखाली भरतो आणि वस्तीला नाव देतो. कोलकात्यातली श्यामबाजार, बागबाजार, शोभाबाजार, बहूबाजार, बडाबाजार ही नावे अशीच पडली. गडियाहाट या नावात ‘हाट’ टिकून आहे. 1874 साली उघडलेली पालिकेची मंडई आज ‘न्यू मार्केट’ म्हणून प्रसिद्ध आहे. 1903 मध्ये तिला सर स्टुअर्ट हॉग यांचे नाव दिले गेले. ती मुळात इंग्रज रहिवाशांसाठी बांधलेली. मध्यमवर्गीय बंगाली घराचा रोजचा बाजार मात्र पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या मंडईतच होतो. उत्तरेत मानिकतला माशांसाठी नावाजलेला, दक्षिणेत गडियाहाट आणि लेक मार्केट.

माल या मंडयांत पोचतो तो घाऊक बाजारांतून. सियालदह स्थानकाजवळचे कोले मार्केट भाजीचे, पातीपुकुर माशांचे, बडाबाजाराला लागून असलेले पोस्ता धान्य-मसाल्याचे. ‘आड़ॉत’ म्हणजे अडत, ‘आड़ॉतदार’ म्हणजे अडत्या, ‘पाइकार’ म्हणजे घाऊक घेणारा. शेतकरी आणि बाजार यांच्या मध्ये उभा राहून नफा काढणारा तो ‘फोड़े’, आणि हा शब्द शिवीच्या जवळ जाणारा आहे. दक्षिण चोवीस परगण्याच्या खेड्यांतून लोकल गाड्यांच्या ‘भेंडर’ डब्यांत भाजीच्या टोपल्या पहाटेच सियालदहला येतात. अनेक विक्रेत्या बायका त्याच गाडीने येऊन पदपथावर बसतात आणि दुपारी परततात. त्यांचा माल थोडा, पण शेतावरचा, म्हणून चोखंदळ गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे वळते.

थोले आणि फॉर्दो

बाजाराला जाणाऱ्याच्या हातात ‘थोले’ असते, म्हणजे पिशवी: पूर्वी ‘चॉटेर’, म्हणजे तागाची, नंतर नायलॉनची. माशाची थोले निराळी असते. ती घरी धुऊन वेगळ्या खिळ्याला टांगतात, भाजीच्या पिशवीत मासा टाकत नाहीत. काय आणायचे त्याची यादी म्हणजे ‘फॉर्दो’. भद्रलोक, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गीय, कुटुंबात जुनी वाटणी अशी होती, की फॉर्दो घरातली बाई सांगणार आणि बाजार घरातला पुरुष करणार. चांगला मासा पारखून आणणे हा पुरुषाच्या कर्तबगारीचा भाग मानला जाई आणि निवृत्तीनंतर तर तो दिवसाचा मुख्य उद्योग होई. आता ही वाटणी बरीच सैल झाली आहे. मोठा मासा घेऊन परतणाऱ्याला वाटेत ओळखीचे लोक आजही विचारतात, ‘कॉतो निलो?’ म्हणजे ‘कितीला पडला?’ किंमत विचारण्यात तिथे आगाऊपणा समजत नाहीत. उलट सांगणाऱ्याला कौतुक करून घेण्याची ती संधी असते.

कोणाला काय म्हणायचे

बंगाली बाजारात नावाने हाक क्वचितच मारतात. विक्रेता ‘दादा’ किंवा वयस्क असेल तर ‘काकु’, विक्रेती ‘दिदि’ किंवा ‘माशि’. विक्रेत्याच्या बाजूनेही नाती लागतात: तरुण बाईला ‘दिदि’, लग्न झालेलीला ‘बोउदि’ म्हणजे वहिनी, पोक्त बाईला ‘माशिमा’, पोक्त पुरुषाला ‘मेशोमशाई’ किंवा ‘काकु’. मराठी कानाला ‘काकु’ बाईसाठीचा वाटेल. बंगालीत तो काकांसाठीचा लाडका शब्द आहे.

नात्यापाठोपाठ क्रियापद बदलते. बंगालीत ‘आपनि’, ‘तुमि’ आणि ‘तुइ’ अशा तीन पायऱ्या आहेत. ‘द्या’ म्हणायला ‘दिन’, बरोबरीने ‘दाओ’, अगदी सलगीत किंवा खालच्या स्वरात ‘दे’. पूर्वी बाबूमंडळी विक्रेत्याला सर्रास ‘तुमि’ म्हणत आणि तो त्यांना ‘आपनि’. हा एकतर्फी आदर आता खटकतो. अनोळखी विक्रेत्याला ‘दादा, दिन’ म्हणणे हेच शहरात रीतीचे समजतात. वर्षानुवर्षांच्या ओळखीत दोघेही ‘तुमि’वर येतात, आणि त्यात कोणाचा कमीपणा नसतो.

भाव विचारणे आणि घासाघीस

भाव विचारण्याचे रोजचे वाक्य ‘कॉतो कोरे?’ हे आहे: ‘कसे दिले?’ उत्तर किलोचे येते. परवराच्या ढिगापुढचे बोलणे साधारण असे होते:

‘पटोल कॉतो कोरे, दादा?’

‘शाट टाका।’

‘शाट! एकटु कॉम होबे ना?’

‘आपनाके कि बेशि बोलबो?’

‘पॉन्चाश कोरुन। कोचि देखे दिन।’

साठ रुपयांचा भाव ऐकून गिऱ्हाईक ‘थोडे कमी नाही का होणार’ विचारते, विक्रेता ‘तुम्हाला मी जास्त सांगेन का’ म्हणून नात्याचा हवाला देतो, आणि गिऱ्हाईक पन्नासवर बोट ठेवून लगेच ‘कोवळे बघून द्या’ असे सांगते. शेवटचे वाक्य महत्त्वाचे. ते उच्चारले की व्यवहार ठरल्यात जमा होतो. मग पंचावन्नला मिळाले तरी हरकत नसते. या घासाघिशीला ‘दॉरदाम’ म्हणतात. तिचा आवाज वाढला तरी मर्यादा ठरलेल्या असतात: माल हातात घेऊन पारखावा, पण नावे ठेवून टाकून देऊ नये, आणि आपण सांगितलेला भाव विक्रेत्याने मानला तर घेतल्यावाचून जाऊ नये.

नको असेल तर तोंडावर ‘नको’ म्हणण्याची रीत नाही. ‘घुरे आशछि’, म्हणजे ‘एक चक्कर मारून येतो’, असे म्हणतात. तो परत येणार नाही हे दोघांनाही कळते. निरोप घेतानाही ‘जाई’ न म्हणता ‘आशि’ म्हणतात, जसे मराठीत ‘येतो’.

सकाळच्या पहिल्या विक्रीला ‘बोउनि’ म्हणतात. मराठी दुकानदाराची भवानी ती हीच. ‘बोउनिर शॉमॉय’, म्हणजे भवानीची वेळ, असे विक्रेत्याने म्हटले, की गिऱ्हाइकाने फार न ताणता काहीतरी घ्यावे अशी अपेक्षा असते. पहिले पैसे तो कपाळाला लावतो. सौदा झाल्यावर मिळणारे फुकटचे ‘वर’ म्हणजे ‘फाउ’: चार मिरच्या, कोथिंबिरीची काडी, फुचकावाल्याकडे शेवटचा एक फुचका (कोलकात्याची पाणीपुरी). फाउ मागणे गिऱ्हाइकाचा हक्क समजतात. सुट्टे पैसे म्हणजे ‘खुच्रो’, आणि ‘खुच्रो नेइ’ हे सकाळी सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य असावे.

मोजमाप

पाव-अर्धा-पाऊण या बोलीऐवजी कोलकात्यात ग्रॅमचे शेकडे सांगतात. पाव किलो आले हवे तर ‘आड़ाइशो आदा’, अर्धा किलो ‘पाँचशो’, पाऊण किलो ‘शाड़े शातशो’. ‘ग्रॅम’ हा शब्द उच्चारावा लागत नाही. देड़, आड़ाइ, शाड़े, पौने ही अपूर्णांकांची नावे मराठी माणसाला ऐकताक्षणी कळतात. शेर जाऊन दशके लोटली, तरी पाव शेराचा ‘पोआ’ जुन्या लोकांच्या तोंडी आहे.

मोजून घ्यायच्या वस्तूला अंकानंतर ‘टा’ लावावा लागतो, आणि तो अंकानुसार रूप बदलतो: ‘ऍकटा लाउ’ (एक दुधी), ‘दुटो लेबु’, ‘तिनटे’, ‘चारटे’, पुन्हा ‘पाँचटा’. नेमका आकडा नको असेल तर ‘गोटा दॉशेक’, म्हणजे दहाएक. पालेभाजीची जुडी ‘आँटि’, लाल भोपळ्याची फोड ‘फालि’, केळ्यांचा घड ‘काँदि’. लहान माशांचे वाटे घालतात त्या वाट्याला ‘भागा’ म्हणतात. चाराचा ‘गंडा’, विसाची ‘कुड़ि’ आणि ऐंशीचा ‘पॉन’ ही जुनी मोजणी आता हिशेबापेक्षा म्हणींतच उरली आहे.

माशांचा ओटा

बाजाराचा खरा कस माशांच्या ओट्यावर लागतो. आधी ठरते मासा ‘जॅन्तो’ म्हणजे जिवंत, की ‘चालानि’ म्हणजे परराज्यातून बर्फात आलेला. कोय, मागुर, शिंगी हे पाण्याच्या हंड्यात वळवळताना विकतात; मेलेल्याला भाव नाही. रोहू-कटला ‘गोटा’ म्हणजे अख्खा घेतला तर किलोचा भाव कमी, ‘काटा’ म्हणजे कापलेल्या माशातून घेतला तर जास्त. आंध्र प्रदेशातून येणारा चालानी रोहू स्वस्त. तळ्यातला स्थानिक महाग.

गिऱ्हाईक वाकून ‘कानको’ उचलून बघते. कल्ले लालभडक हवेत. तपकिरी पडले असतील तर पुढे बोलायचेच नाही. मग अंगठ्याने पोट दाबून बघायचे: मांस घट्ट हवे, खळगा राहता कामा नये. डोळा बाहेर आलेला आणि चकाकता हवा. वजन झाल्यावर मासेवाला मासा ‘बोंटी’वर घेतो. बोंटी म्हणजे विळी; माशाची मात्र हातभर उंच आणि जाड पात्याची. तिचे पाऊल पायाखाली दाबून तो दोन्ही हातांनी मासा पात्यावर ओढतो. आधी ‘आँश’ म्हणजे खवले, मग कल्ले, मग पोट. पुढचा प्रश्न ‘की कोरे काटबो?’ असतो, कारण रश्शाचे आणि तळायचे तुकडे वेगळे.

माशाच्या अंगाची नावे न कळता हा व्यवहार पुरा होत नाही. पाठीकडचा भाग ‘गादा’, त्यात मांस जास्त आणि काटेही बारीक. पोटाकडचा ‘पेटि’, तेलकट आणि मऊ, म्हणून मानाचा: पाहुण्याला, जावयाला पेटि वाढतात. डोके ‘मुड़ो’. ते टाकत नाहीत. मुगाच्या डाळीत घालून ‘मुड़ो दिये डाल’ होते. शेपटी ‘ल्याजा’. चिंगड़ी म्हणजे कोळंबी: गोड्या पाण्यातली मोठी ‘गॉल्दा’, खाऱ्यातली ‘बाग्दा’. ‘भेटकि’ म्हणजे कोकणातला जिताडा.

या सगळ्यांवर राज्य इलिशचे. तो समुद्रातून अंडी घालायला नदीत चढतो, आणि पावसाळ्यातला नदीचा इलिश सर्वांत चवदार. पद्मेचा श्रेष्ठ की गंगेचा, रूपनारायण नदीवरच्या कोलाघाटचा कसा, यावर ओट्यापुढेच वाद होतात. भाव माशाच्या आकाराने चढतो: किलोवरच्या माशाचा दर अर्ध्या किलोच्या माशापेक्षा पुष्कळ जास्त. बांगलादेशात 25 सेंटीमीटरपेक्षा लहान इलिशला ‘जाटका’ म्हणतात, आणि नोव्हेंबर ते जून तो धरण्यावर बंदी असते. अंडी घालण्याच्या काळात, ऑक्टोबरमध्ये, सर्वच इलिशची मासेमारी 22 दिवस थांबते.

रविवारी माशाच्या जोडीला मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. ‘कोचि पाँठा’ म्हणजे कोवळा बोकड, ‘रेवाजि खाशि’ म्हणजे चांगला पोसलेला, चरबीदार. बटाटा घातलेला पातळ रस्सा हे रविवारच्या दुपारचे ठरलेले जेवण.

भाजी आणि ऋतू

भाजीच्या ओळीत ऋतू दिसतो. उन्हाळ्यात पटोल, झिङे (दोडका), ‘एँचोड़’ म्हणजे भाजीचा कोवळा फणस. वसंतात शेवग्याची फुले आणि कडुनिंबाची कोवळी पाने, कारण त्या दिवसांत ती खाल्ल्याने देवी येत नाहीत असा समज. पावसाळ्यात पुँइ (मयाळू), कोचु (अळू). हिवाळ्यात कोबी-फ्लॉवर, आणि त्याच वेळी ‘नॉलेन गुड़’, खजुरीच्या रसाचा नवा गूळ. केळीचे झाड पुरते वापरतात: ‘मोचा’ केळफूल, ‘थोड़’ सोपटाच्या आतला गाभा, ‘काँचकॉला’ हिरवे केळे. मोचा निवडायला वेळ लागतो, म्हणून तो आणणाऱ्याला घरी आधी बोलणी बसतात. बटाट्यातही ‘जोति’ आणि ‘चॉन्द्रोमुखि’ असा भेद केला जातो, दुसरा महाग.

मुदी, उधारी आणि हालखाता

मुदीच्या दुकानात तांदळाचा पहिला प्रश्न ‘शेद्धो ना आतॉप?’ म्हणजे उकडा की साधा. रोजच्या भाताला उकडा. पायेश (खीर), खिचुड़ी आणि नैवेद्याला आतॉप, त्यातही बारीक दाण्याचा सुवासिक गोविंदभोग. तेल मोहरीचे. तांदूळ संपले असे गृहिणी म्हणत नाही; ‘चाल बाड़ॉन्तो’ म्हणजे तांदूळ वाढते आहेत, असे म्हणते. बांगडी आणि दुकान ‘वाढवणाऱ्या’ मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नेहमीच्या गिऱ्हाइकाची ‘धार’ म्हणजे उधारी वहीत मांडली जाते. नव्याला ‘आज नगोद, काल धार’ ही पाटी दाखवतात. इथला ‘काल’ उद्याचा आहे; बंगालीत मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना तोच शब्द. मराठी व्यापारी दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहीपूजन करतो. बंगाली दुकानदाराचे वर्ष ‘पॉयला बोइशाख’ला, एप्रिलच्या मध्यात फिरते. त्या दिवशी लाल कापडात बांधलेली नवी वही गणेश-लक्ष्मीपुढे ठेवून पूजतात. हा ‘हालखाता’. गिऱ्हाइकांना आमंत्रण जाते. त्यांनी जुनी बाकी चुकवावी, काही आगाऊ जमा करावे आणि मिठाईचा पुडा व नवे कॅलेंडर घेऊन जावे. त्याआधीचा चैत्र महिना जुना माल काढून टाकण्याचा. ‘चोइत्रो सेल’साठी गडियाहाट आणि हातीबागानचे पदपथ गच्च भरतात.

सणांचा बाजार

सणाला बाजाराचे स्वरूप बदलते. ‘पुजोर बाजार’ याचा अर्थ भाजी नव्हे. दुर्गापूजेआधी घरच्यांना, नातलगांना आणि कामाच्या माणसांना घ्यायचे नवे कपडे. पूजेचे साहित्य मिळते ते ‘दॉशकॉर्मा भांडार’ नावाच्या दुकानात. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला ‘जामाइ षष्ठी’ असते. जावयाला जेवायला बोलावलेला सासरा सकाळी इलिश, गॉल्दा, आंबे आणि मिष्टि दोई (गोड दही) यांच्या मागे असतो, आणि विक्रेते हे ओळखून भाव चढवतात.

सरस्वतीपूजेला पूर्व बंगालातून आलेल्या अनेक कुटुंबांत ‘जोड़ा इलिश’, इलिशची जोडी आणतात. दुर्गापूजेनंतर त्या दिवसापर्यंत इलिश वर्ज्य मानण्याची त्यांच्यात रीत आहे. पश्चिम बंगालच्या मूळच्या घरांत त्याच दिवशी ‘गोटा शेद्धो’ची खरेदी होते: न चिरता अख्ख्या शिजवायच्या लहान वांग्या-बटाट्यांसारख्या भाज्या, ज्या दुसऱ्या दिवशी थंड खातात. पूर्वेकडचे ‘बांगाल’ इलिशचे आणि इकडचे ‘घोटी’ चिंगड़ीचे, ही विभागणी फुटबॉलपर्यंत जाते. ईस्ट बंगाल जिंकला की इलिश, मोहन बागान जिंकला की चिंगड़ी.

नरक चतुर्दशी बंगालमध्ये ‘भूत चतुर्दशी’ असते. घरात चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या, ‘चोद्दो शाक’, खातात. परंपरेच्या यादीत सुरणाचा पाला, चाकवत, मोहरी, कडुनिंब, गुळवेल, परवराचा पाला अशी नावे आहेत. शहरात सगळ्या चौदा कोणालाच जमवता येत नाहीत, म्हणून विक्रेते आदल्या दिवशी बारीक चिरलेला मिश्र पाला विकतात. त्यात चौदाच आहेत का, हे कोणी मोजत बसत नाही.

बांगलादेशातली बोली

सीमेपलीकडे भाषा तीच, पण बाजाराचे शब्द निराळे. कोलकात्याचा ‘नून’ ढाक्यात ‘लॉबोन’, ‘लॉङ्का’ म्हणजे मिरची ‘मोरिच’, ‘जॉल’ ‘पानि’, ‘किलो’ ‘केजि’, ‘खुच्रो’ ‘भांगति’. अंडी आणि लिंबे ‘हालि’ने, म्हणजे चाराच्या हिशेबाने घेतात. विक्रेत्याला ‘भाई’ किंवा ‘मामा’, बाईला ‘आपा’, वयस्क बाईला ‘खाला’. घासाघीस करताना ‘कॉतो राखबेन?’ म्हणजे ‘कितीला ठेवाल?’ असे विचारतात. ‘ऍक दाम’ ही पाटी असेल तर विचारायचे नाही. भाजी-माशांच्या मंडईला ‘काँचाबाजार’ म्हणतात. सुट्टी शुक्रवारची, म्हणून मोठा बाजार त्या सकाळी. रमझानमध्ये जुन्या ढाक्यातल्या चौकबाजारात दुपारपासून इफ्तारचे पदार्थ मांडतात. बकरी ईदआधी गुरांचे हाट भरतात. खरेदीवर ‘हाशिल’ नावाचा बाजारकर द्यावा लागतो, आणि गाय घेऊन निघालेल्याला रस्ताभर लोक किंमत विचारत राहतात. 2002 मध्ये बांगलादेशाने पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घातली. असा निर्णय घेणारा तो पहिला देश.

बोलीत उतरलेला बाजार

रोजच्या या कामाने भाषेला म्हणी पुरवल्या. गुपित चारचौघांत फोडणे म्हणजे ‘हाटे हाँड़ि भाङा’, हाटात मडके फोडणे. उघड दोष झाकण्याचा केविलवाणा प्रयत्न म्हणजे ‘शाक दिये माछ ढाका’, पालेभाजीखाली मासा लपवणे. आपला खर्च न करता ज्याचे त्याच्यातच भागवणे म्हणजे ‘माछेर तेले माछ भाजा’, माशाच्याच तेलात मासा तळणे. आवाक्याबाहेरच्या गोष्टींत नाक खुपसणारा तो जहाजांची चौकशी करणारा आल्याचा व्यापारी. एका खेपेत दोन कामे उरकणे म्हणजे ‘रॉथ देखा, कॉला बेचा’, रथयात्रा बघायला जाऊन केळीही विकून येणे. स्वस्ताचा मोह धरणाऱ्याला ‘शॉस्तार तिन ऑबोस्था’ ऐकवतात, म्हणजे स्वस्ताच्या तीन तऱ्हा. भाव कडाडले की ‘बाजारे आगुन’, बाजाराला आग लागली.

बदल

‘दाँड़िपाल्ला’ आणि ‘बाटखारा’, म्हणजे तराजू आणि वजने, जाऊन काटे इलेक्ट्रॉनिक झाले. भाजीच्या टोपलीवर क्यूआर कोडची पाटी आल्यापासून ‘खुच्रो नेइ’ची तक्रार कमी झाली आहे. मासा आता साफ करून, डब्यात घालून अ‍ॅपवरूनही घरी येतो. तिथे भाव छापील, म्हणून दॉरदाम आणि फाउ दोन्ही नाहीत. कोलकात्यात 2018 साली पाटुली इथे होड्यांवरचा बाजार थाटला गेला, पण तो नीट चालला नाही. पाड्यातली मंडई त्यामानाने टिकून आहे. आठवड्याचे पाच दिवस अ‍ॅपवर भागवणारी घरेही रविवारी थोले घेऊन तिथे जातात, कारण कल्ले उघडून बघणे, पेटि मागून घेणे आणि भावावर हुज्जत घालणे या गोष्टी मोबाइलच्या पडद्यावर होत नाहीत.